कपाळाला हात

समुद्राकाठी वाढलेल्या माणसाला समुद्राची हौस नसते. निदान आमच्या घराण्यात तरी हा नियम आहे. माझे बालपण चिंचणीला गेले. ओट्यावर बसले की सुरूच्या बनातून येणारा वारा आणि त्याच्यामागची लाटांची गाज रात्रंदिवस कानांवर असे. इतकी की ती ऐकूच येत नसे. पुढे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात टाइमकीपर म्हणून चिकटलो आणि बोईसरला बिऱ्हाड थाटले. तिथून नवापूरचा किनारा सायकलच्या टप्प्यातला. परंतु साठ वर्षांच्या आयुष्यात माझा आणि समुद्राचा संबंध गुडघ्याच्या वर म्हणून कधी गेला नाही.

आमच्या मंडळींचे तसे नाही. तिचे माहेर मालवणकडचे. आमच्या पहिल्या दिवाळसणाला सासरेबुवांनी मला अनारशांबरोबर कोकणबोटीच्या गोष्टी वाढल्या होत्या. भाऊच्या धक्क्यावर जागा धरण्यासाठी होणारी झुंबड, डेकवर पसरलेल्या वळकट्या, बोट लागू नये म्हणून नाकाशी धरलेले लिंबू आणि एवढे करूनही शेवटी लागायची ती लागलेली बोट! सासरेबुवा हे सारे इतक्या चवीने सांगत की ओकारीचाही हेवा वाटावा. त्या बोटी पुढे बंद झाल्या. सासरेबुवाही गेले. पण आमच्या हिच्या डोक्यातली बोट काही थांबली नाही. "एकदा गोव्याला बोटीने जायचे," हे वाक्य मी लग्नानंतर किती वेळा ऐकले असेल त्याची नोंद मस्टरात नाही, एवढेच.

त्यामुळे २०२१ च्या दसऱ्याच्या सुमारास, करोनाची दुसरी लाट ओसरून माणसे जरा मोकळा श्वास घेऊ लागली असता, तिने वर्तमानपत्रातले एक रंगीत पान माझ्या चहाच्या कपाखाली सरकवले, तेव्हा मी ओळखले की आता सुटका नाही. दहा-अकरा मजल्यांचे पांढरेशुभ्र जहाज. त्यावर पोहण्याचा तलाव, नाटकगृह, आणि जेवणाची तर रेलचेल. मी नुकताच निवृत्त झालो होतो. ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत होते आणि नकार द्यायला सबब उरली नव्हती. शिवाय माझी थोरली बहीण, आक्का, त्या वर्षी सत्तरी ओलांडून आमच्याकडे राहायला आलेली. तिला एकटी मागे ठेवणे शक्य नव्हते. आक्काने एवढेच विचारले, "अरे, बोटीवर वरण-भात मिळतो ना?" मिळतो म्हटल्यावर तीही तयार झाली.

बोईसर स्टेशनजवळच्या एका प्रवासी कचेरीत मी तिघांचे बासष्ट हजार रुपये भरले. नाताळच्या आठवड्यातली सफर. तिथल्या तरुणाने माझ्यापुढे अकरा पानांचा इंग्रजी कागद ठेवला आणि जिथे जिथे पेन्सिलीची फुली होती तिथे तिथे सही करायला सांगितले. अडतीस वर्षे इतरांच्या सह्या तपासण्यात घालवलेला माणूस मी. पण स्वतःची सही करताना एक ओळही वाचली नाही. ते पाप माझे. नंतर वाचला तेव्हा कळले ते असे: तीस दिवस आधी बेत रद्द केला तर थोडी रक्कम कापणार, पंधरा दिवस आधी केला तर निम्मी, आणि शेवटच्या आठवड्यात केला तर एक पैसा परत नाही. बंदराचे शुल्क आणि कर तेवढे मिळतील. मात्र जहाजावर चढण्यापूर्वी अठ्ठेचाळीस तासांत करायच्या तपासणीत जो प्रवासी बाधित निघेल, त्याचे भाडे पुढच्या सफरीसाठी जमा धरले जाईल.

जहाजवाल्यांची बाजूही मला समजते. सुटलेल्या जहाजातली रिकामी खोली म्हणजे संध्याकाळी टोपलीत उरलेले बोंबील. दुसऱ्या दिवशी ते कोण घेणार? तेल, बंदर, स्वयंपाकी, खलाशी यांचा खर्च माणसे आली म्हणून वाढत नाही आणि न आली म्हणून घटत नाही. तेव्हा दिवस जसजसा जवळ येईल तसतशी कात्री मोठी होत जायची, हा सगळीकडचाच रिवाज आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी गोष्ट निराळी आहे.

निघण्याच्या दोन दिवस आधी सकाळी प्रयोगशाळेचा मुलगा घरी आला. सरकारने त्याच महिन्यात तपासणीचे दर उतरवले होते. घरी येऊन नमुना घेण्याचे माणशी सातशे रुपये. तिघांचे एकवीसशे देऊन आम्ही एकामागून एक खुर्चीवर बसलो. त्याने प्रत्येकाच्या नाकात आणि घशात ती लांबलचक काडी फिरवली. आक्का डोळे पुसत म्हणाली, "मेल्याने मेंदू ढवळला." बॅगा भरून झाल्या होत्या. बोट लागली तर असावीत म्हणून हिने सहा लिंबे वेगळ्या डबीत ठेवली होती. दहा मजल्यांच्या जहाजाला लिंबाची काय गरज, असे मी म्हटले, तेव्हा तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले त्या नजरेत सासरेबुवा होते.

त्याच रात्री तिला कणकण आली. मध्यरात्री मी कपाळाला हात लावून पाहिले तर चटका बसावा असा ताप. तापमापकात पारा एकशे एकवर. पहाटे पाचला भ्रमणध्वनीवर तपासणीचे अहवाल आले. तिघांचेही निगेटिव्ह.

वाचकहो, आमची त्या वेळची अवस्था तुम्ही डोळ्यांपुढे आणा. जगभर माणसे तपासणी निगेटिव्ह यावी म्हणून देव पाण्यात घालून बसली होती; आणि मी, एक सुशिक्षित गृहस्थ, पहाटेच्या अंधारात बसून मनात म्हणत होतो, 'देवा, एक तरी पॉझिटिव्ह द्यायचा होतास रे!' कारण हिशेब सरळ होता. पॉझिटिव्ह निघालो असतो तर भाडे जमा राहिले असते. आता ताप होता, पण कागद नव्हता. आणि कागदाशिवाय तापाला किंमत नव्हती. आठ वाजता कचेरीतल्या तरुणाला फोन केला. तो बिचारा सभ्य होता. म्हणाला, "काका, रिपोर्ट निगेटिव्ह आहे ना? मग अडचण काय? या की तुम्ही." मी तापाचे सांगितले. तो जरा थांबून म्हणाला, "काका, हे तुम्ही मला सांगितलंच नाही असं मी समजतो."

फोन ठेवला आणि मी औषधाच्या डब्यातून पॅरासिटामॉलची पट्टी काढली.

इथे मला माझ्या नोकरीतली एक हकीकत सांगितली पाहिजे, कारण ती मला त्या क्षणी आठवायला हवी होती आणि आठवली नाही. २०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदी थोडी सैल होऊन आमचा कारखाना सुरू झाला, तेव्हा फाटकावर कामगारांच्या कपाळाशी ते पांढरे पिस्तूल धरण्याचे काम पहारेकऱ्याकडे आणि आकडे लिहून घेण्याचे माझ्याकडे आले. ज्याला ताप त्याला घरी पाठवायचे, असा हुकूम होता. कायम कामगारांना रजा होती; पण कंत्राटी कामगार घरी गेला की त्याचा खाडा पडे. खाडा म्हणजे त्या दिवसाची चूल थंड. पहिल्या आठवड्यात माझ्या वहीत तापाची नोंद फक्त दोन. साहेब खूष झाले. मला मात्र फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर रोज सकाळी दिसे, की कोणी ओल्या पंचाने कपाळ पुसतो आहे, कोणी चहाबरोबर गोळी गिळतो आहे, आणि चारदोन मंडळी सावलीत दहा मिनिटे उभी राहून मगच रांगेत शिरताहेत. मी ते पाहिले आणि गप्प बसलो. कुणाच्या पोटावर पाय द्यायचा? असे मी स्वतःला सांगितले. खरे तर मला कटकट नको होती.

मग आमच्या कारखान्यातल्या एका वयस्क अधिकाऱ्याने, आपली नोकरी जराशी पणाला लावूनच, वरून एक मंजुरी आणली. फाटकावरून तापामुळे परत पाठवलेल्या कंत्राटी माणसाला सात दिवसांची हजेरी द्यायची. पुढच्या आठवड्यात माझ्या वहीत अकरा नोंदी झाल्या. साहेब धावत आले, साथ पसरली म्हणून. मी म्हटले, "साहेब, ताप तेवढाच आहे. फक्त आता तो फाटकापर्यंत येऊन खरे बोलतो." माझ्या उभ्या नोकरीत मी वरिष्ठांपुढे केलेले एवढेच एक बाणेदार भाषण. ते करणारा मी, दीड वर्षाने, स्वतःच्या बायकोपुढे गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन उभा होतो!

"अगं, दोन गोळ्यांनी उतरेल. फाटकावर काही कळायचे नाही. अहवाल तर आपल्या खिशात आहेच. थंडीने कणकण आली असेल. बासष्ट हजार रुपये म्हणजे काही थोडी रक्कम नाही..." असे बरेच काही मी बोललो. ती पांघरुणातून नुसती पाहत होती. तिच्या मनातही बोट होतीच; चाळीस वर्षांची बोट. हो म्हणाली असती तर आम्ही निघालो असतो, हे मी आज लपवणार नाही.

एवढ्यात दारात मासळीवाली मावशी आली. ती नवापूरकडून येते. नवऱ्याची छोटी बोट आहे. दहा वर्षे आमच्या घरी तिचाच वाटा. भरलेल्या बॅगा पाहून तिने चौकशी केली, आणि हिने, माझी बायको ती, सगळे खरेखरे सांगून टाकले, तापासकट. मावशीने टोपली खाली ठेवली. तापलेला खलाशी ते बोटीवर नेत नाहीत, असे ती म्हणाली. एवढ्याशा बोटीत चार माणसे एकमेकांच्या अंगावर झोपतात. एकाचा ताप चौघांना. मी विचारले, "मग त्याच्या वाट्याचे काय?" तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की हा माणूस शिकलेला म्हणतात तो कशात! "वाटा थोडा कमी, पण घरी म्हावरं धाडतोच. नायतर तो ताप सांगंल कशाला?"

मग तिला टाळेबंदीतली गोष्ट आठवली. ती तुमच्यापैकी काहींनी वाचलीही असेल. डहाणू-तलासरीकडचे हजारो आदिवासी तरुण दर हंगामात गुजरातच्या बंदरांत मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. निघताना मालकाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. एप्रिल २०२० मध्ये सगळे बंद झाल्यावर त्यांपैकी शेकडो जण बोटींतून घराकडे निघाले, आणि नारगोळ-उंबरगावच्या समोर येऊन अडकले. किनारा दिसत होता, पण उतरता येईना. गावे घाबरलेली, यांच्याबरोबर रोग येईल म्हणून. मावशीच्या ओळखीतला एक पोरगा त्यांत होता. ना कामाचे पैसे, ना घर. "त्यांना कोनी इचारलं नाय ताप हाय का. सगलेच तापलेले धरले," मावशी म्हणाली आणि बोंबलांचा वाटा मांडू लागली.

आमच्या हिने पांघरूण बाजूला केले आणि शांतपणे म्हणाली, "अहो, ती गोळी मी तापासाठी घेते. बोटीसाठी नाही." आणि आक्काकडे वळून, "वन्सं, तुमचा वरण-भात राहिला." आक्का म्हणाली, "घरी आहे की." मी कपाळाला हात लावला, या वेळी स्वतःच्या.

तिसऱ्या दिवशी हिचा घसा बसला. पुन्हा तपासणी केली आणि ती पॉझिटिव्ह आली. पहिली तपासणी फार लवकर झाली होती. विषाणू शरीरात शिरल्यावर पहिल्या एकदोन दिवसांत नाकाच्या काडीला तो सापडतोच असे नाही, हे डॉक्टरांनी मला तेव्हा समजावले. म्हणजे तो अठ्ठेचाळीस तासांचा कागद म्हणजे त्या क्षणाचे छायाचित्र. छायाचित्र काढल्यावर माणूस पुढे चालत राहतो! चौथ्या दिवशी मलाही खोकला सुरू झाला. लसीचे दोन डोस झाले होते. आठवड्यात दोघेही सावरलो. आक्का पुढच्या खोलीत दार लावून एकटी पत्ते लावत बसली आणि तिला काही झाले नाही. जहाजावर आम्हां तिघांची खोली एकच होती.

हे सारे चालू असतानाच २०२२ चे नवे वर्ष उजाडले, आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बातमी आली. मुंबईहून गोव्याला गेलेले एक प्रवासी जहाज मुरगाव बंदरात अडवून ठेवले होते. सुमारे दोन हजार माणसांच्या तपासणीत सहासष्ट जण बाधित निघाले. अखेर जहाज मुंबईला परतले. ती आमची सफर नव्हे. तरी मी ते सहासष्ट दोनदा वाचले. त्यांतल्या किती जणांच्या घरी आदल्या दिवशी औषधाचा डबा उघडला गेला असेल? कदाचित कोणाच्याच नाही. कदाचित सगळेच आमच्या पहिल्या कागदासारखे निष्पाप होते. पण मला तो प्रश्न विचारायचा अधिकार आहे, कारण डबा उघडणारा मला एक तरी ठाऊक आहे.

आजारी माणूस घरात कोंडला की वाचतो. मीही वाचले. जपानच्या योकोहामा बंदरात फेब्रुवारी २०२० मध्ये अडकलेल्या 'डायमंड प्रिन्सेस' या जहाजाची हकीकत तेव्हा साऱ्यांनी ऐकली होती. मी ती आता नीट वाचली. हाँगकाँगला उतरून गेलेला एक प्रवासी नंतर बाधित निघाला, इथून सुरुवात. जहाजावर ३,७११ माणसे. त्यांतली ७१२ बाधित झाली. भारतीय १३८, आणि त्यांतले १३२ जहाजाचे कर्मचारी. प्रवासी आपापल्या खोल्यांत बंद, आणि त्यांच्या दारांशी जेवणाची ताटे पोचवणारे कर्मचारीच. आपल्याकडे गोव्या-कोकणातल्या किती घरांचे दिवे अशा जहाजांवरच्या नोकऱ्यांवर लागतात! चढताना आपण ताप लपवतो तो आपल्या शेजारच्या प्रवाशापासून, असे आपल्याला वाटते. तो पहिल्यांदा पोचतो आपली चादर बदलणाऱ्या पोरापर्यंत. त्या जहाजाच्या कंपनीने प्रवाशांना भाडे परत दिले. त्या पोराला काय मिळाले ते मला सापडले नाही.

दुसरी हकीकत ऑस्ट्रेलियाची. 'रूबी प्रिन्सेस' हे जहाज मार्च २०२० मध्ये सिडनीहून निघून परत सिडनीला आले. त्या सफरीतले ६६३ प्रवासी बाधित झाले आणि २८ दगावले. एका बाईंनी खटला लावला. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने कंपनी निष्काळजी होती असा निर्णय दिला. पण बाईंच्या हाती पडले ते औषधोपचाराचे सुमारे साडेचार हजार डॉलर. सफरीचा विरस झाल्याची भरपाई मिळाली नाही, कारण भाडे कंपनीने आधीच परत केले होते. कायद्याच्या तराजूत हे बरोबर असेल. मला मात्र राहून राहून वाटते, की ते भाडे परत करण्याची तयारी जहाज सुटण्यापूर्वी, धक्क्यावर उभे राहून, प्रत्येकाला मोठ्याने सांगितली असती, तर चढलेल्यांतले किती जण घरी गेले असते? पैसे दोन्ही वेळा तेवढेच. अलीकडे दिले तर औषध, पलीकडे दिले तर सांत्वन.

ही तपासणीची कल्पना काही नवी नाही. रगुसाच्या लोकांनी १३७७ मध्ये बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस गावाबाहेर ठेवायचा नियम केला; व्हेनिसच्या बोलीतल्या चाळीसवरून क्वारंटीन शब्द आला. माझी आजी त्याला 'कोरंटी' म्हणे, आणि तो शब्द उच्चारताना आवाज खाली आणी. १८९७ च्या प्लेगात मुंबईहून सुटणाऱ्या आगबोटींच्या आणि आगगाड्यांच्या उतारूंच्या काखा-जांघा तपासत. त्याच वर्षी केलेला साथीचा कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला. आजी सांगे, की प्लेगात माणसे रोगी माळ्यावर लपवत, अंगणातल्या गवताखाली लपवत. का लपवत? रोगापेक्षा तपासणाऱ्यांनी पुढे काय केले असते त्याची भीती मोठी होती. आमच्या फाटकावरचा ओला पंचा त्याच जातीचा. आणि माझ्या हातातली पट्टीही.

आता पैशांचे काय झाले ते सांगतो. वाचकांना तेच ऐकायचे असणार. मी पाच पत्रे लिहिली. पहिल्यात संताप होता, दुसऱ्यात कायदा, तिसऱ्यापासून नुसती सभ्यता. कायदा मी थोडा वाचला होता. २०१९ च्या ग्राहक कायद्यात अनुचित कराराची व्याख्या आहे. करार मोडल्याबद्दल ग्राहकावर नुकसानीच्या मानाने भलताच मोठा दंड लादणे त्यात मोडते. पण अशा कराराविरुद्ध दाद मागायची ती जिल्ह्याला नाही, राज्य आयोगापुढे. म्हणजे पुन्हा डहाणू-चर्चगेट लोकल. १९१५ या क्रमांकावर फोन मात्र केला. त्या बाईंनी माझे म्हणणे न चिडता लिहून घेतले, हेच माझ्या वयाच्या माणसाला पुष्कळ होते. विमानाच्या तिकिटांचे टाळेबंदीतले पैसे परत द्यावेत असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ऑक्टोबर २०२० मधला. त्याचा दाखला मी दुसऱ्या पत्रात दिला होता. उत्तरात मला कळवण्यात आले की जहाज हे विमान नव्हे. ते मला मान्य करावे लागले.

दोन महिन्यांनी बंदराचे शुल्क आणि कर मिळून तीन हजार एकशे रुपये आले. चौथ्या पत्रासोबत मी हिचा दुसरा, पॉझिटिव्ह अहवाल जोडला होता. त्यावर कोणा कनवाळू माणसाचे मन द्रवले असावे. 'विशेष बाब म्हणून' हिच्या एकटीचे भाडे पुढच्या सफरीसाठी जमा धरल्याचे पत्र आले. मुदत एक वर्ष. माझे आणि आक्काचे गेले, कारण आम्ही दोघे त्या दिवशी कागदोपत्री ठणठणीत होतो. तापलेल्या बायकोला घरी टाकून ठणठणीत नवरा आणि नणंद गोव्याला जातील, असे ते अकरा पानी कागद लिहिणाऱ्याला वाटले असावे. त्याच्या घरी काय रीत आहे, देव जाणे. मीही पाचवे पत्र लिहिले ते एवढेच सुचवायला, की शेवटच्या दोन दिवसांत जो आपण होऊन ताप सांगेल, त्याच्या साध्या डॉक्टरी दाखल्यावर त्याचे आणि त्याच्या खोलीतल्या माणसांचे भाडे जमा धरा. खोटे दाखले थोडे येतील, पण खरे ताप घरी राहतील. त्या पत्राला उत्तर आले नाही.

जमा पत्र वर्षभर देवघरातल्या फडताळात राहिले. "तू एकटी जाऊन ये," मी म्हणालो. "एकटी कसली जाते!" ती म्हणाली. मुदत संपली त्या दिवशी तिने ते पत्र उलटे करून त्यावर दिवाळीच्या किराण्याची यादी केली. जाडजूड कागद होता. शाई फुटली नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात मात्र आम्ही बोटीत बसलो. आमच्याच पालघर तालुक्यात, वैतरणेच्या खाडीवर, जलसारच्या खारवाडेश्रीहून विरारच्या नारंगीला जाणारी रो-रो सुरू झाली होती. गाडीरस्त्याने साठएक किलोमीटरचा वळसा. बोटीने पंधरा मिनिटे. बोटीवर मोटारी, दुचाकी, दोन बकऱ्या आणि आम्ही तिघे. तिकीट खिडकीवर काढले, तिथल्या तिथे. तपासणी नाही, अकरा पाने नाहीत. आक्का कठड्याला घट्ट धरून उभी होती. खाडीच्या मध्यावर वारा सुटला, बोट जराशी डुलली, तेव्हा आमच्या हिने पिशवीतून डबी काढून अर्धे लिंबू आक्काच्या हाती दिले आणि अर्धे आपल्या नाकाशी धरले.

मी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. गार होते.

"काय बघताय?" ती म्हणाली. "सरका जरा, दिसत नाही."